माळ्यावरचा सीआरटी मॉनिटर आणि नवा लॅपटॉप

मागच्या आठवड्यात अकोल्याला मामाकडे गेलो. माळ्यावर जुन्या चादरीत गुंडाळलेला 15 इंची सीआरटी मॉनिटर! मामा म्हणाले, "भंगारात द्याचाच हाये, पायजे त घेऊन जाय." मांडीवर धरून अमरावतीला आणला.

तो माझ्या नव्या लॅपटॉपला जोडायचा होता. लॅपटॉपला एचडीएमआय, मॉनिटरला व्हीजीए. पहिला सिग्नल डिजिटल, दुसरा अ‍ॅनालॉग. म्हणून नुसती केबल चालत नाही, आत चिप असलेला एचडीएमआय टू व्हीजीए कन्व्हर्टर लागतो. घेताना दिशा नीट बघा, उलट्या दिशेचा इथे काहीच कामाचा नाही.

जोडल्यावर रिझोल्यूशनची सुरुवात 640 बाय 480, 60 हर्ट्झवर करा. मॉनिटरला झेपत असेल तर 800 बाय 600 ला 85 हर्ट्झ ठेवा. 60 वर पडदा लुकलुकतो, डोळे दुखतात. मर्यादेपलीकडची फ्रिक्वेन्सी मात्र देऊ नका, जुना मॉनिटर खराब होऊ शकतो.

मग डॉसबॉक्समध्ये (जुने डॉस गेम चालवणारं सॉफ्टवेअर) 'प्रिन्स ऑफ पर्शिया' लावला. 1989 चा गेम, चित्र फक्त 320 बाय 200. एलसीडीवर तो ताणलेला, ओबडधोबड दिसतो. सीआरटीला पिक्सेलची ठरलेली जाळी नसते आणि पडदा 4:3, त्यामुळे राजपुत्राची उडी अगदी शाळेत असताना दिसायची तशीच दिसली. लय भारी वाटलं!

एक गोष्ट कळकळीने सांगतो. मॉनिटरचं मागचं कव्हर उघडू नका. आत 20,000 व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो.

कुणाच्या माळ्यावर असा मॉनिटर असेल तर भंगारात देण्याआधी कमेंटमध्ये मॉडेल टाका. जोडायला काय लागेल ते सांगतो.