मोठ्या टायरची जुनी जीप : सौद्याआधी कागद आणि चासी पाहा

आंब्याचा मोसम आटोपून हातात चार पैसे आलेला बागायतदार, चिऱ्याचा किंवा लाकडाचा कारोबार करणारा व्यापारी, आखातातून सुट्टीवर घरी आलेला तरुण, अशा अनेकांना सध्या एका गाडीची भुरळ पडलेली दिसते. गाडी जुनीच असते. महिंद्राची एमएम ५४०, मेजर, पहिल्या पिढीची थार किंवा मारुतीची जिप्सी. पण पाटे वाढवून उंच केलेली, रुंद टायर चढवलेली, पुढे लोखंडी गार्ड आणि विंच, टपावर दिव्यांची रांग. मालक सांगतो, "भाई, गाडीवर दोन लाख घातलेत, तुम्हाला निम्म्यात पडेल." अशा वेळी सौदा करावा की नाही, हा प्रश्न आपल्या वाचकांना पडतो, म्हणून हा विषय येथे घेतला आहे.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. गाडीवर मालकाने किती घातले याला किंमत नाही. आर.सी. बुकात काय लिहिले आहे आणि चासी कोणत्या स्थितीत आहे, यालाच किंमत आहे.

जीप आणि मुंबई यांचे नाते जुने आहे. आज महिंद्रा अँड महिंद्रा म्हणून ओळखली जाणारी कंपनी १९४५ मध्ये महिंद्रा अँड मोहम्मद या नावाने सुरू झाली. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात जाऊन तेथील पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव बदलले. विलीज जीपचे सुटे भाग आणून त्यांची जोडणी या कंपनीने मुंबईत सुरू केली. तेव्हापासून जीपच्या दुरुस्तीवर, वेल्डिंगवर आणि बॉडीकामावर आपल्या असंख्य कारागिरांची रोजी चालत आली आहे. म्हणून हा विषय गाडी घेणाऱ्याइतकाच मिस्त्रींचाही आहे.

गरज की शौक?

प्रथम स्वतःला विचारावे की ही गाडी कोणते काम करणार? बागेतून पेट्या काढायच्या असतील तर साधे पिकअप जास्त माल नेते आणि कमी डिझेल पिते. चारही चाकांना ताकद देणारी गाडी चिखलाच्या चढावर, नदीच्या पात्रात, पावसाळी कच्च्या वाटेवरच उपयोगी पडते. वर्षातून दहा दिवस अशी वाट लागत असेल तर त्यासाठी बाराही महिने उंच गाडीचा खर्च सोसावा का, याचा विचार व्हावा. पर्यटकांना फिरवून पैसे मिळवण्याचा इरादा असेल तर पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने चालवता येत नाही. त्यासाठी परवाना लागतो. परवान्याविना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते.

शौक म्हणून घेणे गुन्हा नाही. पण मग तो पैसा घरखर्चाच्या वरचा असावा, धंद्याच्या भांडवलातला नसावा.

कागद काय सांगतात?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, आर.सी. बुकातील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाहीत असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका कायम केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. ही जबाबदारी मालकावर असते. गाडी तुमच्या नावावर झाली की मालक तुम्ही! पुढच्या लोखंडी गार्डबद्दलही केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र लिहून कारवाई करण्यास सांगितले आहे.

तेव्हा आर.सी. हातात घेऊन गाडीभोवती फिरा. इंधन, रंग, आसनसंख्या, बॉडीचा प्रकार, इंजिन क्रमांक, चासी क्रमांक, एकेक जुळवून पाहा. पेट्रोल म्हणून नोंद असलेल्या जिप्सीत डिझेल इंजिन बसवलेले असेल तर बयाणा देऊच नका. चासी क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिल घासा, म्हणजे अंक घासून पुन्हा कोरले असतील तर लक्षात येईल. हरियाणातील मंडी डबवाली हे गाव जुन्या सुट्या भागांतून जीप जोडण्यासाठी देशभर प्रसिद्ध आहे. तेथील कारागिरी वाखाणण्यासारखी आहे. पण कोठूनही आलेल्या जोडलेल्या गाडीत कागद एका जीपचे आणि सांगाडा दुसऱ्या जीपचा, असे तर नाही ना, याची खात्री केलीच पाहिजे.

सरकारच्या परिवहन पोर्टलवर नोंदणीची मुदत, विमा आणि थकलेले दंड पाहता येतात. बँकेचा बोजा असेल तर तो उतरवल्याचा फॉर्म ३५ मागा. परराज्यातील पासिंग असेल तर तेथील ना-हरकत दाखला हवा, शिवाय महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी गाडी आर.टी.ओ.समोर उभी करून तपासणी करून घ्यावी लागते आणि पर्यावरण करही भरावा लागतो. बदललेली गाडी नेमकी तेथेच अडते.

चासीखाली शिरा

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. मालकाने आधीच तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. सोबत ओळखीचा मिस्त्री न्यावा आणि त्याची मजुरी खुशीने द्यावी.

खाली नुकताच काळा रंग किंवा डांबर मारलेले दिसले तर सावध व्हा. कोकणच्या खाऱ्या हवेत चासी आतून सडते. हातोडीने हलके ठोकून पाहा. चांगले लोखंड खणखणते, सडलेले भद्द आवाज करते. वेल्डिंगचे जुने-नवे डाग, पाट्यांच्या मुठीजवळच्या चिरा, वाकलेला आडवा दांडा, हे नीट बघावे.

गाडी उंच केली की शाफ्टचा कोन वाढतो आणि क्रॉस लवकर झिजतात. स्टिअरिंगचे दांडे तिरके होतात. मोठ्या टायरने बेअरिंग आणि ब्रेक यांच्यावर भार येतो. मूळ २८ इंची टायरच्या जागी ३१ इंची टायर असेल तर काटा ५० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ५५ च्या वेगाने धावत असते. उंच गाडी वळणावर उलटण्याचा धोका वेगळाच. घरातली माणसे तीत बसणार आहेत, हे विसरू नये.

डिफरन्शियलचे ऑईल थोडे काढून पाहा. दुधाच्या चहासारखा रंग असेल तर आत पाणी शिरले आहे. इंजिन चालू ठेवून ऑईलचे झाकण उघडा. धुराचे फवारे येत असतील तर इंजिनाचे काम निघाले समजा. जादा दिव्यांच्या वायरी रिलेशिवाय थेट जोडल्या असतील तर आगीला निमंत्रण आहे.

ट्रायल घेताना खड्ड्यावरून गेल्यावर स्टिअरिंग थरथरू लागते का ते पाहा. थरथर थांबत नसेल तर किंगपिन, जॉइंट किंवा बुश गेलेले असतात. चारचाकी गिअर कच्च्या जमिनीवरच टाकून पाहावा. या जुन्या गाड्यांत डांबरी रस्त्यावर तो टाकून वळवले की गिअर आवळतात आणि मोडतोड होते.

हिशेब असा मांडा

समजा, मालक ५,५०,००० रुपये मागतो. त्याच सालाची, न बदललेली गाडी बाजारात ३,८०,००० ला मिळते. टायर, स्टिअरिंग, ब्रेक आणि वायरिंग आर.सी.प्रमाणे पूर्ववत करायला मिस्त्री ९०,००० सांगतो. मग उरले २,९०,०००. विंच चांगली असेल आणि काढून विकता येत असेल तर तिचे २५,००० धरा. म्हणजे तुमची मर्यादा ३,१५,०००. हे आकडे उदाहरणाचे आहेत, पण हिशेबाची रीत हीच. मालक एवढ्यावर येत नसेल तर सलाम करून उठावे. गाड्या पुष्कळ आहेत.

ऐब झाकू नये

धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा दाखवून देणाऱ्या आणि ओले धान्य वर ठेवायला सांगणाऱ्या पैगंबरांची (स.) हदीस आपण सारे जाणतो. गाडीच्या सौद्यात ओले धान्य म्हणजे सडलेली चासी आणि न जुळणारा कागद. ते वर ठेवणे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे. शरियतने घेणाऱ्याला लपवलेल्या ऐबाबद्दल माल परत करण्याचा हक्क दिला आहे. शर्त घालून विचाराला मुदत मागण्याचीही सोय आहे, आणि इमाम अबू हनीफा व इमाम शाफई या दोघांच्या मते ही मुदत तीन दिवसांपर्यंत असते. या सवलतीचा फायदा घ्या. "तीन दिवसांत मिस्त्रीने नापसंत केली तर बयाणा परत" एवढी एक ओळ दोन साक्षीदारांसमोर लिहून घेतली तर पुढची भांडणे टळतात. सौदा झाल्यावर फॉर्म २९ व ३० भरून गाडी लगेच नावावर करावी. विकणाऱ्यानेही हे टाळू नये, नाहीतर उद्याच्या अपघाताची नोटीस त्याच्याच दारी येईल.

मिस्त्री बांधवांनाही एक विनंती. गिऱ्हाईक सांगते म्हणून चासी कापण्यापूर्वी त्याला कायदा सांगा, आणि जे काम केले त्याचे बिल लिहून द्या. असे बिल असलेली गाडी पुढे विश्वासाने विकली जाते, आणि विश्वास असलेल्या गॅरेजकडे गिऱ्हाईक आपणहून येते. हलाल रोजीची बरकत ती हीच.