सुरांकडून प्रकाशाकडे

माणसाने वाट बदलली, तरी आधीच्या वाटेवर केलेली साधना वाया जात नाही. अमेरिकेचे विख्यात छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांचे जीवन याचीच साक्ष देते.

अ‍ॅडम्स यांचा जन्म १९०२ साली सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. चंचल स्वभावामुळे त्यांचे मन शाळेत रमेना. १९१५ साली वडिलांनी त्यांना शाळेतून काढले आणि घरीच शिक्षणाची सोय केली. याच सुमारास त्यांना पियानोची गोडी लागली. रोजच्या रियाजाने चंचल मुलाला शिस्त लावली. मैफली गाजवणारा पियानोवादक व्हावे, हे त्यांचे ध्येय ठरले.

१९१६ साली योसेमिटीच्या डोंगरदऱ्यांत सहलीला गेले असता आई-वडिलांनी त्यांना एक साधा कॅमेरा दिला. तेव्हापासून पियानो आणि कॅमेरा हे दोन्ही छंद सोबतीने वाढू लागले.

१० एप्रिल १९२७ रोजी ते हाफ डोम या प्रचंड कड्यासमोर उभे होते. जवळ केवळ दोन काचपट्ट्या उरल्या होत्या. पहिले चित्र त्यांनी पिवळी गाळणकाच लावून घेतले. पण मनाला भिडलेली भव्यता त्यात उतरणार नाही, हे त्यांना उमगले. मग त्यांनी गडद लाल काच लावली. लाल काच निळा प्रकाश अडवते. त्यामुळे निळे आकाश जवळजवळ काळे उमटले आणि त्यापुढे कडा गंभीरपणे उभा राहिला. डोळ्यांना दिसले त्यापेक्षा मनाला जाणवले ते चित्रात आले.

१९३० साली पॉल स्ट्रँड या छायाचित्रकाराचे काम पाहून त्यांनी छायाचित्रणालाच वाहून घेण्याचे ठरवले. घरची मंडळी हळहळली. यंत्राला माणसाचे अंतरंग कसे व्यक्त करता येईल, अशी त्यांची शंका होती. यंत्राला जमले नाही तरी छायाचित्रकाराला ते जमेल, असा अ‍ॅडम्स यांचा विश्वास होता.

संगीत मात्र सुटले नाही. निगेटिव्ह म्हणजे स्वरलिपी आणि कागदावरील छाप म्हणजे तिचे सादरीकरण, असे ते मानत. एकच स्वरलिपी प्रत्येक मैफलीत नवे रूप घेते. त्याचप्रमाणे अंधाऱ्या खोलीत एखादा भाग उजळ, तर एखादा गडद करून ते एकाच निगेटिव्हमधून निरनिराळे भाव साकारत.

१९३६ साली आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांच्या न्यूयॉर्कमधील दालनात त्यांचे प्रदर्शन भरले. त्याच वर्षी किंग्ज कॅन्यन परिसराला संरक्षण मिळावे, म्हणून ते आपली छायाचित्रे घेऊन वॉशिंग्टनला गेले. १९४० साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. या यशात इतरांच्या प्रयत्नांबरोबर त्यांच्या छायाचित्रांचाही वाटा होता.

१९८४ साली अ‍ॅडम्स यांचे निधन झाले. पियानोने दिलेली शिस्त आणि लय त्यांच्या छायाचित्रांत आजही जाणवते. कॅमेऱ्याला अंतरंग व्यक्त करता येईल का, या घरच्यांच्या शंकेचे उत्तर त्यांच्या चित्रांनीच दिले.