वही खरी, वाचन चुकीचं

ब्लॉकचेनवरची नोंद कुणालाही पाहता येते आणि मागाहून सहजासहजी खोडता येत नाही. म्हणून तिथून काढलेली माहिती बिनचूकच असणार, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा. नोंद बिनचूक असली तरी ती वाचणाऱ्याला तिचा अर्थ लावावा लागतोच. इथेरियम ही ब्लॉकचेन ३० जुलै २०१५ रोजी सुरू झाली. तेव्हापासून इथरस्कॅनसारख्या संकेतस्थळांवर माणसं शिल्लक आणि व्यवहार पाहत आली. शंका आली की माणूस थांबतो, दुसरीकडे पडताळतो, जाणकाराला विचारतो. आता हे काम एआय एजंटांकडे जाऊ लागलं आहे. एजंट प्रश्न वाचतो, हाताशी असलेल्या टूल्सपैकी एक निवडतो, त्याला पत्ता पुरवतो आणि आलेल्या आकड्यावरून उत्तर रचतो. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये मांडलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये अशा टूलसोबत त्याचं नाव, वर्णन आणि कोणती माहिती द्यायची याचा आराखडा जातो. टूलबद्दल एजंटापुढे बहुतेकदा तेवढंच असतं. त्यामुळे हे वर्णन टूलचाच एक भाग धरायला हवं, आणि टूल काय करतं हे एका ओळीत उरकून त्याच्या उत्तराचा अर्थ किती ताणता येतो, यावर उरलेली शाई खर्च करायला हवी.

‘दिलेल्या पत्त्यावरची शिल्लक परत करते’ हे वाक्य घ्या. प्रोग्रामरला ते पुरेसं वाटतं, कारण उरलेलं त्याच्या डोक्यात असतं. इथेरियमचा नोड शिल्लक इथरमध्ये सांगत नाही, वेईमध्ये सांगतो. एका इथरचे वेई म्हणजे एकावर अठरा शून्यं, आणि तोही आकडा सोळाच्या पायावर लिहिलेला. टोकनांची तऱ्हा आणखी वेगळी. इथेरियमवरच्या यूएसडीसीला दशांशाची सहा स्थळं आहेत, दाईला अठरा. अडीच दाईची कच्ची नोंद सहा स्थळं धरून वाचली, तर शिल्लक अडीच लाख कोटी दाई निघते. एवढी मोठी चूक निदान डोळ्यांत तरी भरेल. उलट अडीच यूएसडीसीची नोंद अठरा स्थळं धरून वाचली, की उत्तर जवळजवळ शून्य येतं, आणि ‘खातं रिकामं आहे’ असं एजंट शांतपणे सांगून मोकळा होतो. त्यात बीएनबी स्मार्ट चेनवर यूएसडीसी याच नावाने फिरणाऱ्या टोकनाला पुन्हा अठरा स्थळं आहेत. नाव पाठ असून भागत नाही, साखळीही माहीत हवी.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की हे सगळं लिहायचं कशाला, कोडमध्येच बसवा. दशांश टूलनेच लावावा, आकडा मजकुराच्या रूपात द्यावा, साखळी न सांगितल्यास उत्तरच देऊ नये. हे बरोबर आहे, आणि जे कोडमध्ये बसतं ते तिथेच बसवावं. पण काही गोष्टी बसत नाहीत. इथेरियमवर साधारण दर १२ सेकंदांनी ब्लॉक येतो. तो अंतिम ठरायला मात्र सहसा तेरा मिनिटांच्या आसपास वेळ लागतो. ‘आत्ताची शिल्लक’ विचारणाऱ्याला ताजा ब्लॉक हवा की अंतिम ठरलेला, हे प्रश्नामागच्या हेतूवर ठरतं. गप्पांत सांगायचं असेल तर ताजा चालेल. त्या शिल्लकेच्या भरवशावर माल सोडायचा असेल तर चालणार नाही. हा निवाडा एजंटाला करायचा आहे, म्हणजे दोन्हींतला फरक त्याला वर्णनातच वाचायला मिळाला पाहिजे.

‘सापडलं नाही’ या उत्तराचंही तसंच. २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीत जातीच्या दाखल्यांची पडताळणी पॉलिगॉन साखळीवर आणण्याचा उपक्रम सुरू झाला. अशा एखाद्या दाखल्याचा व्यवहार एजंटाने इथेरियमवर शोधला, तर तो मिळणारच नाही. पॉलिगॉन साखळीचा क्रमांक १३७, इथेरियमचा १, पण पत्त्याचा साचा दोन्हीकडे एकच. त्यामुळे पत्ता पाहून चूक लक्षात येत नाही. मग ‘दाखला बनावट आहे’ असा निष्कर्ष निघाला, तर फटका टूलला बसत नाही, दाखलेवाल्याला बसतो. या साखळीवर अशी नोंद नाही, टूलचा नोड मागे पडला आहे, की विनंतीच फसली, ही तीन उत्तरं वेगळी यावीत आणि प्रत्येकातून काय ठरतं तेही लिहावं. बहुसंख्य वर्णनांत यशस्वी उत्तराचा नमुना असतो आणि अपयशावर अवाक्षर नसतं. मला तो आळस वाटतो.

मॉडेलं हुशार होत चालली आहेत, त्यांना हे ठाऊकच असतं, असंही म्हटलं जातं. ब्लॉकचेनबद्दलचं सर्वसाधारण ज्ञान त्यांना असतं, हे मान्य. पण अमुक टूल आकडा वेईमध्ये देतं की इथरमध्ये, हे ज्याने टूल बांधलं त्यालाच माहीत. शिवाय इथे फसवणारेही आहेत. टोकनाचं नाव आणि चिन्ह कुणीही हवं ते ठेवू शकतो. त्या नावातच संकेतस्थळाचा पत्ता किंवा एजंटाला उद्देशून हुकूम घालता येतो. नेहमीच्या पत्त्याशी आरंभ आणि शेवट जुळणारा दुसरा पत्ता बनवून तो व्यवहारांच्या यादीत घुसवण्याचीही युक्ती आहे. मे २०२४ मध्ये तिला बळी पडून एकाने सुमारे १,१५५ रॅप्ड बिटकॉइन भलत्याच पत्त्यावर पाठवले. पुढे त्यातले बहुतेक परत मिळाले, हे त्याचं नशीब. तेव्हा नावं ही परक्याने लिहिलेली माहिती आहे, आज्ञा नव्हे. आणि यादीत पत्ता दिसला म्हणजे तो ओळखीचा ठरत नाही, ही दोन वाक्यं व्यवहारांची यादी देणाऱ्या टूलच्या वर्णनात असायलाच हवीत.

राहिला लांबीचा प्रश्न. वर्णनातला प्रत्येक शब्द मॉडेलच्या मर्यादित संदर्भात जागा खातो, त्याचे पैसे पडतात, आणि वीस टूल्स प्रत्येकी पानभर लिहिली तर नेमकी गरजेची ओळ गर्दीत हरवते. म्हणून आधी कात्री लावावी ती ब्लॉकचेन म्हणजे काय याच्या प्रास्ताविकावर, ‘वेगवान’, ‘विश्वासार्ह’ अशा विशेषणांवर आणि नावावरून कळणाऱ्या गोष्टी पुन्हा सांगणाऱ्या वाक्यांवर. एवढं काढल्यावर एकक, साखळी, ब्लॉक आणि अपयशाचा अर्थ यांना चार-पाच ओळी सहज मिळतात.