ही आठवण आली कोठून?

‘मला स्पष्ट आठवते’ असे कोणी म्हटले, की आपण वाद थांबवितो. डोळ्यांपुढे चित्र उभे राहते, तेव्हा ते पाहिलेलेच असणार, अशी आपली समजूत. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांचीही वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत हीच समजूत होती.

ते तान्हे असताना पॅरिसच्या शाँझेलिझे रस्त्यावर दाई त्यांना बाबागाडीतून फिरवीत होती. एका इसमाने त्यांना पळविण्याचा प्रयत्न केला. दाईने झुंज दिली, तिच्या तोंडावर ओरखडे उठले, माणसे जमली, पांढरा दंडुका घेतलेला पोलीस आला आणि तो इसम पळाला. पियाजे यांना हे सारे दिसत असे. जागासुद्धा दाखविता आली असती. पुढे त्या दाईचे पत्र आले. तिला पश्चात्ताप झाला होता. हकीकत बनावट, ओरखडेही तिनेच काढलेले. बक्षीस मिळालेले घड्याळ ती परत करीत होती.

मग ते चित्र कोठून आले? घरच्यांच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टीतून. कानांनी ऐकलेले डोळ्यांच्या खात्यावर जमा झाले! मनाच्या वहीत नोंद होते, पण ती कोणाकडून आली हे बहुधा लिहिलेले नसते. ते आपण मागाहून ठरवितो, आणि ठरवितो ते चित्र किती ठसठशीत आहे यावरून. वारंवार ऐकलेली गोष्ट ठसठशीत होणारच. ज्यांना शंका असेल त्यांनी थोरल्या बहिणीला विचारून पाहावे. लग्नाच्या मांडवात आपण हरवलो होतो हे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. हरवला होता तो आमचा धाकटा भाऊ.

भावनांचेही तसेच. कचेरीतली कटकट आमटीतल्या मिठावर निघते, हे घरोघरी ठाऊक आहे. कॅनडातील कॅपिलानो नदीवरच्या २३० फूट उंच झुलत्या पुलावर एका तरुणीने तरुणांना काही प्रश्न विचारले व आपला टेलिफोन क्रमांक दिला. तो घेणाऱ्या १८ जणांपैकी ९ जणांनी नंतर फोन केला. भक्कम, ठेंगण्या पुलावरच्या १६ पैकी दोघांनीच. छातीची धडधड पुलामुळे, श्रेय तरुणीला, असा डटन व ॲरन या संशोधकांनी १९७४ साली अर्थ लावला.

हे हसण्यावारी नेता येते. परंतु ऑस्ट्रेलियात १९७५ साली एका अत्याचारित स्त्रीने डोनाल्ड टॉमसन यांना गुन्हेगार म्हणून ओळखले. टॉमसन स्वतः स्मृतीचे अभ्यासक. गुन्ह्याच्या वेळी ते दूरचित्रवाणीवर प्रत्यक्ष बोलत होते, म्हणून सुटले. बाईंच्या घरी तोच कार्यक्रम चालू होता.