गाळ्याचा पत्ता दुसऱ्याने द्यावा लागतो

भोसरी एमआयडीसीतला वेल्डिंग फिक्श्चर बनवणारा एखादा वर्कशॉपवाला वेबसाइट काढतो तेव्हा तिच्यावर मशीनांचे फोटो टाकतो, व्हीएमसी (संगणक-नियंत्रित मिलिंग मशीन) किती आहेत ते लिहितो, आयएसओचे सर्टिफिकेट लावतो. पानावर सगळे असते. पण त्यातला प्रत्येक शब्द त्याने स्वतःच स्वतःबद्दल लिहिलेला असतो. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात नुसत्या अशा शब्दांवर पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, निघत नाही. परचेस खात्यातला माणूस आधी विचारतो, "सध्या कोणाचं काम करता?" आणि मग त्या कंपनीत ओळखीच्याला फोन लावतो. वेबवर हा फोन लावण्याचे काम दुवे, म्हणजे लिंक, करतात. म्हणूनच या पट्ट्यातले छोटे उद्योग इंटरनेटवर नीट सापडायचे असतील तर नुसती पाने वाढवून भागणार नाही. जे एकमेकांचे काम ओळखतात, त्यांनी आपल्या पानांवरून एकमेकांकडे दुवे दिले पाहिजेत.

सुरुवातीची सर्च इंजिने मुख्यतः पानावरचे शब्द जुळवत. परिणाम असा की नोव्हेंबर 1997 मध्ये चार आघाडीच्या सर्च इंजिनांपैकी एकालाच, स्वतःचे नाव टाकल्यावर, पहिल्या दहा उत्तरांत स्वतःचे पान दाखवता येत होते. ही नोंद स्टॅनफर्डच्या सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी 1998 च्या निबंधात केली. गूगल या नव्या यंत्रणेची ओळख करून देणारा तो निबंध. त्यांनी 2.4 कोटी पाने गोळा केली आणि त्यांच्यामधल्या सुमारे 51.8 कोटी दुव्यांचा नकाशा मांडला. दुव्यांवरून पानाची पत ठरवण्याच्या कल्पनेचे मूळ ग्रंथालयात होते: कोणत्या शोधनिबंधाचा उल्लेख इतर किती निबंधांत झाला, याची सूची युजीन गारफील्ड यांनी 1964 पासून छापायला सुरुवात केली होती. पेज आणि ब्रिन यांनी त्यात महत्त्वाची भर घातली. दुवे नुसते मोजायचे नाहीत, दुवा देणारा कोण आहे तेही पाहायचे. शिवाय एका पानाचे वजन त्याने दिलेल्या सगळ्या दुव्यांत वाटले जाते. पाच व्हेंडरांकडे दुवे देणाऱ्या पानाकडून प्रत्येकाला पाचवा हिस्सा मिळतो, पाचशे नावांच्या जाहिरात-यादीकडून पाचशेवा. पैसे भरून प्रत्येक यादीत नाव घालणाऱ्या कारखानदाराने हा हिशेब एकदा तरी करून पाहावा.

वाहन उद्योगासाठी त्याहून बोलके उदाहरण कॉर्नेल विद्यापीठाच्या जॉन क्लाइनबर्ग यांच्या त्याच काळातल्या निबंधात आहे. होंडा किंवा टोयोटाच्या मुखपृष्ठावर 'मोटार उत्पादक' हे शब्द असतीलच असे मानायला काही कारण नाही, असे त्यांनी दाखवून दिले. शिवाय प्रतिस्पर्धी कंपन्या एकमेकींकडे दुवे देत नाहीत. मग त्या एकाच धंद्यातल्या आहेत हे यंत्राला कळते कसे? तर दोघींकडे बोट दाखवणाऱ्या तिसऱ्या पानांवरून. चांगल्या पानांकडे नेणारी पाने आणि अशा पानांनी दाखवलेली पाने एकमेकांची पत ठरवतात, हे त्यांच्या पद्धतीचे सूत्र. चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना 2009 मध्ये सुरू झाला. बजाज, महिंद्रा, मर्सिडीज तिथेच आहेत. त्यांच्याभोवती प्रेस टूल, गेज, हीट ट्रीटमेंट, पावडर कोटिंगची कामे करणारे गाळे आहेत. हे गाळे परस्परांचे स्पर्धक, त्यामुळे तिसऱ्या पानांची गरज इथे सर्वांत जास्त. मराठा चेंबर, चिंचवडचे ऑटो क्लस्टर, निगडी-आकुर्डीची अभियांत्रिकी महाविद्यालये यांना ती भूमिका घेता येईल. अट एकच: यादी निवडक हवी आणि कोण काय बनवतो ते दुव्याच्या शब्दांत लिहिलेले हवे.

शब्दांचा मुद्दा मराठीत आणखी महत्त्वाचा ठरतो. 'चाकणला', 'चाकणच्या', 'चाकणमधल्या' ही एकाच नावाची रूपे आहेत हे यंत्राला शिकवावे लागते. 'फिक्श्चर' तर लोक तीन-चार प्रकारे लिहितात. भारतीय भाषांतल्या शोधाची कसोटी घेणारा 'फायर' हा उपक्रम 2008 मध्ये सुरू झाला, तेव्हा मराठीसाठी वृत्तपत्रीय मजकुराचा संग्रह तयार झाला. भाषेच्या अभ्यासाला तो फार उपयोगी पडला, पण नुसत्या बातम्यांच्या मजकुरातून कोण कोणाची ग्वाही देतो ते कळत नाही. ब्रिन-पेज यांच्या यंत्रणेत दुव्यावरचे शब्द ज्या पानाकडे दुवा जातो त्याच्या खात्यावरही जमा होत. त्यामुळे इंग्रजीत लिहिलेल्या वेबसाइटकडे कोणी मराठी शब्दांनी दुवा दिला, तर मराठीत शोधणाऱ्यालाही ती सापडू शकते.

दुवे विकत मिळतात, हा आक्षेप खरा आहे. त्यावर 2005 मध्ये 'हा दुवा शिफारस म्हणून मोजू नका' अशी खूण करण्याची सोय झाली, आणि 2012 मध्ये गूगलने बनावट दुव्यांविरुद्ध पेंग्विन नावाची मोठी दुरुस्ती केली. खोटी सर्टिफिकेटे निघतात म्हणून तपासणी बंद होत नाही. मोठ्याला आणखी मोठे करण्याचा दोष जास्त गंभीर आहे, कारण कार कंपनीला जगभरातून दुवे मिळतात आणि गाळ्याला एकही नाही. पण क्लाइनबर्ग आधी विचारलेल्या प्रश्नाशी जुळणारी सुमारे 200 पाने घेत, मग त्यांच्या शेजारची, आणि हिशेब तेवढ्यातच करत. प्रश्न भोसरीतल्या फिक्श्चरचा असेल तर अशा लहान वर्तुळात स्थानिक चार दुवेही फरक पाडतात. आता कृत्रिम बुद्धिमत्ता थेट उत्तर देते, मग दुवे कशाला, असेही विचारले जाते. दुव्यांचे वजन पूर्वीपेक्षा कमी झाले आहे, हे गूगलच्या लोकांनीही सांगितले आहे. तरी वेबवरून ताजे उत्तर देणाऱ्या यंत्राला आधी पाने शोधावीच लागतात, आणि दोन गाळे सारखाच दावा करत असतील तर निवाड्यासाठी बाहेरची साक्ष लागते. राहिला गुप्ततेचा प्रश्न. व्हेंडरचे नाव जाहीर केले तर स्पर्धक त्याला पळवील, ही भीती काही सुट्या भागांबाबत रास्त आहे आणि तिथे नाव झाकलेलेच बरे. पण पावडर कोटिंग, गेज कॅलिब्रेशन, साध्या जिग ही कामे कोण करून देतो ते सांगताना ड्रॉइंग किंवा दर उघड करावा लागत नाही. सुरुवात तिथून करता येईल, आणि ती ग्राहक कंपनीनेच करायला हवी, कारण गाळ्याने स्वतःच दिलेल्या ग्वाहीला वजन नाही.