इन्फोग्राफिक कसं करावं? उदाहरण निगडीच्या टाकीचं



मुलांच्या प्रकल्पात हल्ली तक्त्याच्या जागी इन्फोग्राफिक आलं आहे. दुकानदार आणि क्लासवालेही व्हॉट्सअ‍ॅपवर तेच पाठवतात. "आमचा माल घ्या" असं थेट न म्हणता आधी गिऱ्हाइकाच्या उपयोगाची माहिती द्यायची, याला कंटेंट मार्केटिंग म्हणतात. त्यातलं हे लाडकं साधन. आकडे आणि चित्र एकत्र, अर्ध्या मिनिटात समजेल असं.

आपल्या निगडीचंच उदाहरण घेऊ. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी येतं. समजा, यमुनानगरमधल्या एका टाकीविक्रेत्याला इन्फोग्राफिक करायचं आहे. त्याच्याकडे सांगण्यासारखं भरपूर असतं: पवना धरण, रावेतचा बंधारा, सेक्टर २३ मधलं जलशुद्धीकरण केंद्र, शिवाय टाकीचे रंग, थर, हमी. सगळं कोंबलं तर कोण वाचणार? गिऱ्हाइकाचा प्रश्न एकच, "आमच्या घराला किती लिटरची टाकी पुरेल?" तोच मथळा करावा. धरणापासून नळापर्यंतचा प्रवास परिसर अभ्यासाला मस्त आहे, पण ते वेगळं चित्र.

आता हिशोब. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी हे केंद्र सरकारचं प्रमाण आहे. चार माणसं, दोन दिवस: १३५ × ४ × २ = १०८० लिटर. पाणी येतं त्या दिवशी थोडं थेट नळावरच वापरलं जातं, म्हणजे हजार लिटरची टाकी साधारण पुरते. चित्र काढताना २०० लिटरचं एक पिंप असं प्रमाण धरा. पाच भरलेली पिंपं आणि सहावं अर्ध्याहून थोडं कमी. झाला की चित्रालेख! खाली प्रमाण, आकडा कुठून घेतला ते आणि तारीख लिहायचीच.

खरी गडबड पुढे होते. ५०० आणि १००० लिटरच्या टाक्या शेजारी काढताना दुसरी टाकी दुप्पट उंच आणि दुप्पट रुंदही काढली जाते. मग कागदावरची जागा चौपट होते, आणि गोल टाकी म्हणून पाहिलं तर आकारमान आठपट! छोटी टाकी उगाच केविलवाणी दिसते आणि गरज नसताना मोठी टाकी गळ्यात पडते. विक्रेत्याने हे मुद्दाम केलं असेलच असं नाही, पण पैसे आपलेच जातात. म्हणून एकाच मापाची पिंपं मोजून काढणं बरं.

मजकूर मोबाइलवर वाचून पाहावा. देवनागरीत ओळी फार जवळ आल्या की वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत अडकतात. रंग दोन-तीन पुरे. लाल-हिरव्यातला फरक काही मुलांना दिसत नाही, तेव्हा आकडा शेजारी हवाच.

वर्गात एक करून पाहा. मुलांना घरी आलेली जाहिरातपत्रकं आणायला सांगा आणि पट्टीने स्तंभ मोजायला लावा. निकाल ९२ टक्क्यांवरून ९६ झाला, पण उभा अक्ष ९० पासून सुरू केला असेल, तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या तिप्पट भरतो. प्रवेश घेण्याआधी हे मोजमाप पालकांनीही करावं, पट्टी दप्तरात असतेच.