गप्पांमध्ये गळून जाणारी अर्धी गोष्ट

कसाऱ्याहून सुटणाऱ्या लोकलमधला ठरलेला ग्रुप असो, मुरबाडच्या एसटी स्टँडजवळची चहाची टपरी असो, की शहापुरातल्या एखाद्या मंडळाचा कट्टा असो, मित्र जमले की एक खेळ हमखास रंगतो. 'सांग बरं' म्हणत कुणीतरी प्रश्न टाकतो : 'राजा हरिश्चंद्र' या १९१३च्या चित्रपटात तारामतीचं काम कोणत्या नटीनं केलं? सगळे डोकं खाजवतात आणि मग उत्तर येतं, नटीनं नाहीच, अण्णा साळुंके नावाच्या पुरुषानं! वर याच साळुंक्यांनी १९१७च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या, अशी पुरवणीही जोडली जाते. पैज हरलेला चहाचे पैसे देतो आणि विषय संपतो. अशा माहितीला फुटकळ म्हणून बाजूला सारण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला ती पटत नाही. इतिहासाची जाडजूड पुस्तकं जिथे पोचत नाहीत तिथे हे फुटकळ तुकडेच पोचतात आणि टिकतात. अडचण एवढीच की तोंडातोंडी फिरताना त्यांचा अर्धा भाग गळून जातो, आणि बहुतेक वेळा गळतो तो मोलाचा अर्धा. साळुंके तारामती झाले, कारण दादासाहेब फाळक्यांनी खूप शोधूनही त्या कामाला एकही बाई तयार झाली नाही. पडद्यावर येणं हे बाईच्या अब्रूला बट्टा लावणारं काम मानलं जाई. लगेच पुढच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. पुरुषानं केलेली तारामती सगळ्यांना माहीत असते, या मायलेकींचं धाडस मात्र कुणी प्रश्नात विचारत नाही.

क्रिकेटच्या गप्पांत तर हे जास्तच घडतं, कारण तिथे आकडा हीच गोष्ट मानली जाते. जानेवारी २०१६मध्ये, शहापूर-मुरबाडकरांच्या रोजच्या वाटेवरच्या कल्याणमध्ये, प्रणव धनावडे या शाळकरी मुलानं एका डावात नाबाद १००९ धावा केल्या. चार आकडी धावसंख्या त्याआधी जगात कुणाच्याच नावावर नव्हती. जुना विक्रम इंग्लंडच्या आर्थर कॉलिन्सचा, १८९९ सालचा, नाबाद ६२८. इथवर सगळ्यांना पाठ असतं. पण प्रणवच्या के. सी. गांधी शाळेनं ३ बाद १४६५वर डाव सोडला आणि समोरचा आर्य गुरुकुलचा संघ ३१ आणि ५२ धावांत बाद झाला, हे सांगितलं की चित्र पुरं होतं. यानं प्रणवचं कर्तृत्व तिळभरही कमी होत नाही. तीनशेहून जास्त चेंडू खेळून काढायला अंगात वेगळीच चिकाटी लागते. पण समोरच्या मुलांची ती दुपार कशी गेली असेल, शालेय क्रिकेटमध्ये दोन संघांत एवढं अंतर का पडतं, हा प्रश्न त्या दोन छोट्या आकड्यांमुळेच सुचतो. कॉलिन्सच्या गोष्टीचाही गळलेला भाग सुंदर आहे. त्याच्या धावा मोजणाऱ्यानंच, आकडा दहावीस धावांनी इकडेतिकडे असू शकतो, असं कबूल केल्याची नोंद आहे. म्हणजे ११६ वर्षं जग ज्या विक्रमाकडे बोट दाखवत होतं, तो अंदाजाचाच होता. कॉलिन्स पुढे पहिल्या महायुद्धात, १९१४मध्ये, ईप्रच्या लढाईत मारला गेला.

भाऊसाहेब निंबाळकरांची गोष्टही अशीच अर्धी फिरते. डिसेंबर १९४८, पुणे, रणजी सामना, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. निंबाळकर नाबाद ४४३, डॉन ब्रॅडमनचा ४५२चा विश्वविक्रम अवघ्या नऊ धावांवर, आणि तेवढ्यात काठियावाडचे कर्णधार असलेले राजकोटचे ठाकोरसाहेब सामना सोडून देतात. ऐकणारा हळहळतो, ठाकोरसाहेबांना चार शब्द सुनावतो आणि थांबतो. खरी हळहळ पुढे आहे. ४४३ हा आजही भारतीय फलंदाजाचा प्रथम श्रेणी क्रिकेटमधला सर्वोच्च डाव आहे, आणि तो खेळणाऱ्या माणसाला एकही कसोटी सामना मिळाला नाही. हुकलेल्या नऊ धावांपेक्षा ही उपेक्षा मोठी, पण पैज नऊ धावांवर लागते.

आता घराजवळ येऊ. निजामशाही कुठे संपली, हा प्रश्न कट्ट्यावर टाकून पाहावा. एकजण अहमदनगर म्हणेल, कारण तो किल्ला १६००मध्ये मोगलांनी घेतला. दुसरा दौलताबाद म्हणेल, कारण १६३३मध्ये तोही पडला. पण शहाजीराजांनी त्यानंतरही पेमगिरीला लहानग्या मुर्तजाला गादीवर बसवून राज्य पुढे चालवलं होतं, आणि त्याचा शेवट १६३६मध्ये माहुलीवर झाला. आसनगाव स्टेशनात उतरताना जे सुळके डोळ्यांत भरतात, तीच ही माहुली. वेढा पडल्यावर शहाजीराजांना तह करावा लागला. त्या बालराजाला मोगलांच्या हवाली करून ते आदिलशाहीच्या चाकरीत गेले. शिवाजीराजे तेव्हा सहा वर्षांचे होते. पुढे माहुली स्वराज्यात आली, १६६५च्या पुरंदरच्या तहात पुन्हा मोगलांना द्यावी लागली आणि १६७०मध्ये परत मिळवली. वडिलांना जिथे माघार घ्यावी लागली, तोच गड मुलानंही एकदा गमावला आणि मग जिंकून घेतला. तिन्ही उत्तरांना काही ना काही आधार असलेला असा प्रश्न पाठ्यपुस्तकात सहसा सापडत नाही. मित्रांच्या वादातच तो खुलतो, आणि म्हणूनच त्या वादाला मी वेळेचा अपव्यय म्हणत नाही.

मुरबाडकरांच्या वाट्याचा प्रश्न नाणेघाटाचा. घाटमाथ्यावरच्या दगडी रांजणात जकातीची नाणी टाकत, ही गोष्ट प्रत्येक ट्रेकर सांगतो. जुन्नरहून कल्याण-सोपाऱ्याकडे उतरणारी ही व्यापारी वाट होती, त्यामुळे ती पटतेही. पण रांजणापाशी फोटो काढून परतणारे बरेच जण शेजारच्या लेण्यात जे खरोखर लिहिलेलं आहे त्याकडे पाहत नाहीत. तो लेख सातवाहन राणी नागनिकेचा मानला जातो, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्याचा विषय जकात हा नाही, यज्ञ आणि त्यांत दिलेली दक्षिणा हा आहे : गाई, हत्ती, घोडे आणि कार्षापण नाणी. दान मोजून लिहायचं म्हणून त्यात आकडे आले, आणि त्या आकड्यांमुळे हा लेख गणिताच्या इतिहासात जगभर ओळखला जातो. त्यात शून्य नाही, स्थानावरून किंमत ठरवण्याची पद्धत नाही. दहाला, शंभराला, हजाराला वेगळी चिन्हं आहेत, आणि २४,४०० लिहायचे तर वीस हजारांचं, चार हजारांचं आणि चारशेचं चिन्ह शेजारी शेजारी मांडलेलं आहे. एका राणीच्या नावानं ओळखला जाणारा आणि अंकांच्या घडणीतला एक टप्पा दाखवणारा हा लेख वैशाखऱ्याहून चढणाऱ्या वाटेच्या टोकाला आहे. रांजणाची गोष्ट सांगू नये असं मी म्हणत नाही. ती सांगून झाल्यावर चार पावलं पुढे जावं.

कधी कधी गळलेला अर्धा भाग गंमतीचा उरतच नाही. 'मुंबईच्या नळाला पाणी कुठून येतं?' या प्रश्नाचं उत्तर शहापूरचा माणूस अभिमानानं देतो. शहापूर तालुक्यातलं तानसा धरण १८९२मध्ये पुरं झालं. भातसा तर एकट्यानं मुंबईच्या पाण्याचा जवळपास निम्मा वाटा उचलतं. त्याच तालुक्यातले पाडे दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. हे दोन्ही एका दमात सांगितलं, तरच माहिती पुरी होते. सिद्धगडचंही तेच. विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल हे माथेरानचे वकील, आणि त्यांच्या 'आझाद दस्ता' या क्रांतिकारी गटानं १९४२मध्ये मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले, हा तपशील चित्तथरारक म्हणून सांगितला जातो. २ जानेवारी १९४३च्या पहाटे सिद्धगडच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात त्यांच्यासोबत हिराजी पाटीलही मारले गेले. हिराजींचं नाव शंभरातल्या किती जणांना आठवतं?

यावर पहिला आक्षेप असा येईल की गप्पा या गप्पाच असू द्याव्यात. प्रत्येक वाक्याला पुरावा मागू लागलो तर मजाच जाईल. मला वाटतं मजा वाढते. वर आलेली एकही गोष्ट दुसरा अर्धा जोडल्यानं रटाळ झालेली नाही. उलट पुरावा न मागण्याची किंमत आपण रोज मोजतो. हॉकी हा भारताचा राष्ट्रीय खेळ आहे, हे पिढ्यान्‌पिढ्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतून पाठ केलं गेलं. कोणताही खेळ राष्ट्रीय म्हणून जाहीर केलेला नाही, असं उत्तर क्रीडा मंत्रालयानं माहिती अधिकारात २०१२मध्ये दिलं. तरी प्रश्नमंजूषेत अजून 'हॉकी' म्हणणाऱ्याला गुण मिळतात. दुसरा आक्षेप फोनचा : सगळं खिशात असताना लक्षात कशाला ठेवायचं? हा आक्षेप वजनदार आहे, पण फोन विचारलेल्याच प्रश्नाचं उत्तर देतो. निंबाळकरांचा आकडा तो क्षणात दाखवेल; त्यांना कसोटी का मिळाली नाही हे विचारण्याची बुद्धी ज्याला आधीची गोष्ट माहीत आहे त्यालाच होते. तिसरा आक्षेप, स्थानिक माहितीत रमणं म्हणजे कूपमंडूक होणं. नाणेघाटाच्या आकड्यांवरून जगाच्या गणितापर्यंत आणि कल्याणच्या मैदानावरून ईप्रच्या रणभूमीपर्यंत जी वाट जाते, ती पाहिल्यावर हा आक्षेप मला टिकणारा वाटत नाही.

म्हणून गणेशोत्सवात किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनात सामान्यज्ञानाची स्पर्धा घेणाऱ्यांना एक विनंती. जगातली सर्वांत लांब नदी आणि सर्वांत उंच इमारत खुशाल विचारा, पण निदान पाच प्रश्न आपल्या तालुक्याचे ठेवा, आणि त्या पाचांना दोन दोन गुण द्या : एक उत्तराला, दुसरा त्यामागचं कारण सांगणाऱ्याला.